मार्तंडनं टीव्ही छताला लावला

हिवरेमाळ नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात मार्तंड नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हटलं, "जरा थांब, आलोच," की तो थांबायचा. बोलणारा माणूस विसरून घरी जायचा, जेवायचा, झोपायचा. मार्तंड आपला तिथंच उभा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही आणि सांगितलेल्या शब्दाच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नाही. बाया त्याच्या बायकोला, गिरजाला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, नवरा शब्दाबाहेर नाही." गिरजा म्हणायची, "तेच तर दुखणं आहे."

घरात तिसरे मार्तंडचे वडील, दगडूआबा. तरुणपणी आबा कबड्डी खेळायचे. त्यांनी मांडीवर थाप मारली की समोरच्या संघातले दोघेतिघे आपोआप मागं सरकायचे. म्हातारपणी कबड्डी सुटली पण खुमखुमी सुटली नाही. एके दिवशी कुणाचं न ऐकता ते कडब्याच्या गंजीवर चढले आणि चढल्यापेक्षा लवकर खाली आले. मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, "उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही, मान उचलायची नाही, उशीसुद्धा घ्यायची नाही."

तेव्हापासून आबा पुढच्या खोलीत खाटेवर पडून छताकडं बघत होते. स्लॅबची खोली. छताला बघण्यासारखं काही नव्हतं. एक पाल होती. आबांनी तिचं नाव ठेवलं होतं ठकी. ठकी दिसली की ते म्हणायचे, "आलीस का?" ते ऐकलं की मार्तंड अर्ध्या जेवणावरून उठायचा.

आणि नेमकी त्याच दिवसांत बातमी आली. मार्तंडची बहीण पमा पुण्यात राहायची. तिची लेक हेमांगी राज्याच्या कबड्डी संघात होती आणि संघ अंतिम सामन्यात पोचला होता. रविवारी संध्याकाळी सामना टीव्हीवर दिसणार होता. हेमांगीला पहिली चढाई शिकवली ती आबांनी, याच अंगणात, उन्हाळ्याच्या सुट्टीत. आता ती खेळणार, सगळा मुलूख बघणार, आणि आबा ठकीकडं बघत पडणार. कारण टीव्ही होता टेबलावर आणि आबांची मान वळत नव्हती.

पमानं डोकं चालवलं. तिनं पुण्याहून एक स्टँड पाठवून दिला. लोखंडी, छताला ठोकायचा. त्याला टीव्ही अडकवायचा. खटका दाबला की टीव्ही दुमडून छताला चिकटतो आणि पुन्हा दाबला की खाली येऊन पडलेल्या माणसाच्या बरोबर तोंडापुढं उभा राहतो. असला प्रकार गावात कुणी पाहिला नव्हता.

पार्सल तालुक्याच्या गावी आलं. गिरजा म्हणाली, "अहो, घेऊन या. ताईंनी हौसेनं पाठवलंय. जपून आणा. जराही धक्का लागू देऊ नका."

"बरं," मार्तंड म्हणाला.

त्यानं पार्सल ताब्यात घेतलं. धक्का लागू नये म्हणून अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळलं. वर टॉवेल लपेटला. ते गाठोडं मांडीवर घेऊन बनियनवर एसटीत बसला आणि गाडी खड्ड्यातून गेली की गाठोडं हलकेच थोपटायला लागला.

शेजारच्या बाईंना कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"स्टँड," मार्तंड म्हणाला.

"स्टँड अजून लांब आहे," बाई म्हणाल्या. "तोंडावरचा टॉवेल तरी काढा, गुदमरेल की."

मार्तंडनं टॉवेल काढला. बाईंनी आत बघितलं आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

फाट्यावर उतरल्यावर मार्तंड घरापर्यंत एकेक पाऊल मोजूनमापून टाकत आला. दुपारी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचला. अंगात सदरा नाही, हुडहुडी भरलेली. गिरजा दारात उभी.

"अहो, लोखंड आहे ते! लोखंडाला कसला धक्का लागतोय? पोत्यात घालायचं, सायकलच्या मागं आवळून बांधायचं आणि दणादण आणायचं!"

"हे आधी सांगायचं ना!" मार्तंड म्हणाला. "आता पक्कं ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गिरजानं त्याला अंडी आणायला पाठवलं. हाडं भरून यावीत म्हणून डॉक्टरांनी आबांना अंडी सांगितली होती. मार्तंड दुकानात गेला. अंडी पोत्यात घातली. पोतं सायकलच्या मागं आवळून बांधलं. गाठ सुटू नये म्हणून पोत्यावर गुडघा देऊन दोरी ओढली. निघाला. पण डांबरी रस्त्यावर सायकल काही दणादण चालेना, गुळगुळीत चालायला लागली. मार्तंड विचारात पडला. मग त्यानं सायकल खडीच्या रस्त्याला घातली. तिथं छान दणदणली.

घरी आला तेव्हा मागून गावातली निम्मी कुत्री चालत आली होती. पोत्यातून पिवळी धार लागली होती.

गिरजानं पोत्यात हात घातला आणि काढून घेतला.

"अहो, अंडी अशी आणतात? असली वस्तू दोन्ही हातांनी छातीशी धरायची. अलगद. पायाखाली बघत चालायचं. आणि वाटेत कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही, सरळ घर गाठायचं!"

"हे आधी सांगायचं ना!" मार्तंड म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आबांची अंडी होती ती. त्यानं मनाशी ठरवलं, आता चूक करायची नाही. छातीशी धरायचं. अलगद. ओ द्यायची नाही. सायकल धुताना सुद्धा तो हेच पुटपुटत होता.

गिरजा म्हणाली, "ते राहू द्या आता. छताला भोकं पाडायला बशीर मिस्त्रींना घेऊन या."

बशीर मिस्त्री गावातला सुतारकामाचा, प्लंबिंगचा, वायरिंगचा, सगळ्याचा माणूस. अंगानं काटकुळा. हातभर लांब दाढी नसती तर वाऱ्यानं उडाला असता, असं त्याची बायकोच म्हणायची. मार्तंड गेला तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसून भजी खात होता.

"मिस्त्री, गिरजानं तुम्हांला आणायला सांगितलंय," मार्तंड म्हणाला आणि दोन्ही हातांनी मिस्त्रीला उचलून छातीशी धरलं. अलगद.

"अरे? अरे, काय करतोस? सोड!"

मार्तंड पायाखाली बघत चालायला लागला.

"मार्तंडा, अरे चप्पल राहिली माझी!"

मार्तंडनं ओ दिली नाही.

"ए बाबा, लोक बघायला लागलेत! मार्तंडा! अरे ए बहिऱ्या!"

मार्तंडला आतून वाईट वाटत होतं. मिस्त्री भला माणूस, इतक्या हाका मारतोय. पण शब्द तो शब्द. चावडीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, "मिस्त्रीला काय झालं रे?" मार्तंडनं त्यालाही ओ दिली नाही. त्यामुळं मिस्त्री गेला अशी बातमी गावात पसरली आणि वेशीजवळच्या दोघींनी रडायला सुरुवातही केली. मिस्त्रीनं मार्तंडच्या खांद्यावरून मान काढून त्यांना सांगितलं, "जिवंत आहे मी! भजी निवताहेत, माझ्या घरी जाऊन झाकून ठेवा!"

मार्तंडनं त्याला घरात आणून तांदळाच्या टोपलीशेजारी हळूच ठेवलं.

गिरजानं डोक्याला हात लावला. "अहो, माणूस आहे तो! माणसाला मानानं आणायचं. 'या, बसा' म्हणायचं. पाय धुवायला पाणी द्यायचं. आलं घालून चहा पाजायचा. मगच कामाला लावायचं!"

"हे आधी सांगायचं ना!" मार्तंड म्हणाला.

मिस्त्री कपडे झटकत उठला. "वहिनी, आज काही माझ्यानं काम व्हायचं नाही. अंग थरथरतंय. मार्तंडा, तू असं कर, माझं भोकं पाडायचं मशीन घरून घेऊन ये. शनिवारी मी माझ्या पायांनी येतो आणि स्टँड बसवतो. पण मला आणायला कुणी यायचं नाही, सांगून ठेवतो."

मार्तंड जाऊन मशीन घेऊन आला. गिरजा गोठ्यात होती. घरात आबा आणि मार्तंड. मार्तंडनं मशीन चौरंगावर ठेवलं आणि म्हणाला, "या, बसा."

"कोण आलंय रे?" आबांनी छताकडं बघत विचारलं.

"मशीन आलंय, आबा."

"बरं. बस म्हणावं."

मार्तंडनं तांब्याभर पाणी आणून मशीनच्या टोकावर ओतलं. पाय कुठले ते नीट कळेना, म्हणून दोन्हीकडून ओतलं. मग आलं किसून चहा केला. मशीनच्या पाठीला बारीक बारीक भोकं होती. तेच तोंड असणार. मार्तंडनं बशीत चहा घेतला, फुंकर मारून निववला आणि थोडा थोडा करून पाजला. मशीननं सगळा पिऊन टाकला. मार्तंडला बरं वाटलं. पाहुणा लाजाळू नव्हता. मग त्यानं पिन लावली आणि बटण दाबलं.

मशीन ठसकलं. जाळ झाला, धूर झाला आणि खोलीभर आल्याचा वास सुटला. घरातली वीज गेली.

गिरजा धावत आली.  तिनं आधी मार्तंडचे हात, तोंड, केस तपासले. सगळं जागच्या जागी होतं. मग ती ओरडली.

"अहो, यंत्राला कुणी चहा पाजतं का? यंत्र ओलं झालेलं चालत नाही! चुकून ओलं झालंच, तर पहिल्यांदा त्याची तार काढायची, कोरड्या फडक्यानं खसखसून पुसायचं आणि बाहेर उन्हात वाळत ठेवायचं. कळलं?"

"हे आधी सांगायचं ना!" मार्तंड म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज बारीक होता. त्यानं मशीन पुसून उन्हात ठेवलं आणि उंबऱ्यात बसून राहिला. आबांना सामना दाखवायचा एवढं एकच काम, आणि आपण जे सांगतात ते सगळं तसंच्या तसं करतोय, तरी होत का नाही, हे त्याला कळत नव्हतं.

आबा आतून म्हणाले, "मार्तंडा, नाराज होऊ नको. मला ठकी आहे."

त्यामुळं मार्तंडला आणखीच वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी गिरजानं आबांचं अंग पुसायला घेतलं. गरम पाण्यात टॉवेल बुडवून तिनं हातपाय पुसले, तेवढ्यात गोठ्यात रेडकू दाव्यात अडकून ओरडायला लागलं. जाता जाता ती म्हणाली, "आबा ओले आहेत, जरा बघा हं!"

मार्तंडनं बघितलं. आबा खरंच ओले होते.

आता त्याला काय करायचं ते नेमकं माहीत होतं. पहिल्यांदा तार काढायची. आबांच्या कानाला ऐकायचं यंत्र होतं. त्याची तार कानापासून खिशातल्या डबीपर्यंत यायची. मार्तंडनं ती काढली. मग कोरडं फडकं घेऊन आबांना खसखसून पुसलं. मग शेजारच्या गड्यांना हाक मारली आणि आबांना खाटेसकट उचलून, मणक्याला काही होणार नाही अशा बेतानं, अंगणात उन्हाला नेऊन ठेवलं.

गिरजा परत आली. खोली रिकामी. 

"अहो, आबा कुठं आहेत?"

"वाळत घातलेत," मार्तंड म्हणाला.

ती धावत बाहेर गेली. आबा उताणे पडले होते. वर निळं आभाळ, त्यात एक घार गोल गोल फिरत होती. शेजारच्या पपईवर पाखरं भांडत होती. आबांना ऐकू काही येत नव्हतं, पण चेहरा नुसता उजळला होता.

"गिरजे," आबा मोठ्यानं म्हणाले, "राहू दे गं मला इथं जरा! लई दिवसांनी वर काहीतरी हलताना दिसतंय!"

गिरजाचा राग तिथंच निवला. पण डॉक्टरांची आठवण होऊन पुन्हा वर आला. आबांना आत आणून, कानाला तार लावून झाल्यावर तिनं मार्तंडला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, एकेक शब्द तोडून सांगितलं, "जे जिथं आहे, ते तिथंच राहू द्यायचं. कुणी कितीही सांगितलं तरी हलवायचं नाही. घट्ट धरून ठेवायचं हवं तर. पण हलवायचं नाही."

"हे आधी सांगायचं ना!" मार्तंड म्हणाला.

दुपारी बशीर मिस्त्री स्वतःच्या पायांनी आला. मशीन वाळलं होतं. त्यानं ते उघडून झटकलं, आतून आल्याचा चोथा काढला आणि मार्तंडच्या हातावर ठेवला. आबांच्या अंगावर धूळ पडू नये म्हणून गिरजानं खाटेवर चादरीचा मांडव धरला. मिस्त्री शिडीवर चढला. शिडी धरायला मार्तंड.

भोकं पडली. स्टँड वर गेला. एकेक बोल्ट आवळत मिस्त्री शेवटच्या बोल्टापर्यंत आला. तो जरा लांब होता.

"मार्तंडा, शिडी थोडी डावीकडं घे."

मार्तंडनं शिडी आणखी घट्ट धरली.

"अरे, डावीकडं घे ना थोडी!"

"नाही हलवायची, मिस्त्री. जे जिथं आहे ते तिथंच."

"कोण म्हणालं?"

"गिरजा."

"वहिनी!" मिस्त्री ओरडला. पण गिरजा चादरीखाली होती आणि आबांच्या कानातलं यंत्र शिट्टी घालत होतं, तिला ऐकू गेलं नाही. मिस्त्रीनं ताणून हात लांब केला. मग पाय लांब केला. मग त्याचे पाय शिडीवरून सुटले आणि तो दोन्ही हातांनी स्टँडला लोंबकळायला लागला. मार्तंड खाली शिडी घट्ट धरून उभा. शिडी केसभरही हलली नाही.

मिस्त्री थोडा वेळ झुलला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पडत नाही. त्यानं एक झोका घेऊन बघितला.

"वहिनी," तो वरूनच म्हणाला, "स्टँड पक्का बसलाय. आता मला उतरवा."

संध्याकाळी टीव्ही स्टँडला लागला. मिस्त्रीनं खटका दाबला, टीव्ही वर जाऊन छताला चिकटला. पुन्हा दाबला, टीव्ही खाली येऊन आबांच्या तोंडापुढं थांबला. काळ्या काचेत आबांना स्वतःचा चेहरा दिसला.

"किती म्हातारा झालोय मी," आबा म्हणाले. पण ते हसत होते.

मिस्त्रीनं मार्तंडला खटका शिकवला. मार्तंडला तो एकदम जमला. दाबलं की खाली, दाबलं की वर. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सांगितल्यासारखी होत होती. त्यानं ती इतक्या वेळा करून बघितली की गिरजाला सांगावं लागलं, "आता पुरे. सामना बघून झाला की लगेच घडी करून वर टाकायची, नाहीतर कुणाचं तरी डोकं आपटेल."

"बरं," मार्तंड म्हणाला.

रविवार उजाडला. छताला टीव्ही लागल्याची बातमी गावभर झाली होती. सामन्याच्या वेळेला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर माणसं, खिडकीत माणसं, दारात माणसं. त्यात तालुक्याच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब आले. नानासाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. पोट खोलीत आधी आलं, नानासाहेब मागून आले. हेमांगी इथल्या अंगणात घडली, तेव्हा तिच्या यशात आपलाही वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बरोबर कार्यकर्ते होते, कार्यकर्त्यांच्या हातात झेंडूचा भलामोठा हार होता. खुर्ची कुठली आणायची? गिरजानं शेजारून लोखंडी घडीची कॉट मागून आणली, लग्नकार्यात असते तसली, मधोमध दुमडणारी. ती आबांच्या खाटेला लागून मांडली. नानासाहेब तिच्या बरोबर मध्यावर बसले. कॉट कुरकुरली.

सामना सुरू झाला. आबांच्या डोळ्यांपुढं हेमांगी दिसली. जर्सी घातलेली, केस घट्ट बांधलेले. आबांचा हात आपोआप मांडीकडं गेला.  ही चढाई, ती पकड, इकडं एक गुण, तिकडं एक गुण. दोन्ही संघ बरोबरीला आले. तेवढ्यात पंचानं लांब शिट्टी वाजवली आणि खेळाडू मैदानाबाहेर जायला लागले.

मार्तंडनं खटका दाबला. टीव्ही वर जाऊन छताला चिकटला.

अशी बोंब उठली की ठकी भिंतीवरून खाली पडली.

"मध्यंतर आहे रे, मध्यंतर!" मिस्त्री ओरडला.

"अहो, अर्धाच झालाय सामना!" गिरजा माणसांमधून वाट काढत आली. तिनं टीव्ही खाली घेतला आणि मार्तंडचा हात धरला. चिडायलाही वेळ नव्हता. ती म्हणाली, "ऐका. शिट्टीवर जाऊ नका. सगळं संपलं की लोक टाळ्या वाजवतात, मग हार घालतात, मग सगळे उठून उभे राहतात. हे तिन्ही झालं, की मग खटका दाबायचा, घडी करायची आणि वर टाकायची. तोवर हात लावायचा नाही. टाळ्या, हार, उठणं. म्हणून दाखवा."

"टाळ्या, हार, उठणं," मार्तंड म्हणाला. "हे आधी सांगायचं ना!"

दुसरा भाग सुरू झाला. मार्तंडला सामना दिसत नव्हता. तो फक्त खोलीकडं बघत होता. टाळ्या, हार, उठणं. मध्ये एक गुण मिळाला तेव्हा टाळ्या वाजल्या, पण हार नव्हता. मार्तंडनं हात मागं घेतला. एकदा पकड बघायला सगळे उठले, पण टाळ्या नव्हत्या. मार्तंड थांबला. घाम आला होता त्याला. या वेळी चुकायचं नव्हतं.

शेवटच्या चढाईला हेमांगी निघाली. बरोबरी होती. मध्यरेषा ओलांडून ती आत शिरली. समोर साखळी धरून पोरी उभ्या. ती डावीकडं झुकली, साखळी डावीकडं वळली. आबा श्वास रोखून छताकडं, म्हणजे टीव्हीकडं बघत होते. त्यांच्या ओठांतून आवाज न करता "कबड्डी कबड्डी" चाललं होतं. "आता, पोरी," ते म्हणाले. "आता उजवा पाय." आणि हेमांगीनं झटक्यात वळून उजवा पाय लांब टाकला, कोपऱ्यातल्या पोरीच्या पावलाला बोट लावलं आणि अंग झोकून मध्यरेषेला हात टेकला.

खोलीत एकच कल्ला उठला. आबांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहायला लागलं. गिरजानं वाकून ते पदरानं टिपलं. "बघितलंस?" आबा म्हणाले. "माझा पाय होता तो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्तंडनं मनात एक बोट मोजलं.

कार्यकर्त्यांना हाराची आठवण झाली. हेमांगी तर तिकडं लांब होती. मग त्यांनी तो हार नानासाहेबांच्या गळ्यात घातला. मार्तंडनं दुसरं बोट मोजलं.

टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उठून उभे राहिले. आबा उठू शकत नव्हते, त्यांनी आडवेपणीच ताठ होऊन हात अंगाला चिकटवले. नानासाहेबही उठायला लागले, पण अंग कॉटच्या झोळात रुतलं होतं. त्यांनी एकदा जोर केला, दोनदा केला आणि मग बसूनच राहिले. मार्तंडनं तिसरं बोट मोजलं.

राष्ट्रगीत संपेपर्यंत तो सावधान उभा राहिला. मग त्यानं एकवार सगळं नीट तपासलं. टाळ्या झाल्या. उठणं झालं. आणि हार? टीव्हीला कुणी हार घातला नव्हता. हार घातलेला माणूस मधोमध दुमडणाऱ्या कॉटवर होता. मार्तंड वाकला. कॉटच्या खाली खटका होता. या वेळी शंकेला जागाच नव्हती.

त्यानं खटका दाबला.

कॉटनं दोन्हीकडून तोंड मिटलं. नानासाहेब पुस्तकात ठेवलेल्या पिंपळाच्या पानासारखे आत गेले. एका बाजूनं झेंडू बाहेर आला, दुसऱ्या बाजूनं एक पाय. खोलीत चिडीचूप झालं. आतून घुसमटलेला आवाज आला, "मला... सत्कार... नको..."

आणि त्या शांततेत आबा हसायला लागले. मणक्याच्या भीतीनं पोट दाबून धरून, डोळे मिटून, हुंदके दिल्यासारखे हसायला लागले. "आबा, हसू नका, मणका!" म्हणता म्हणता गिरजालाच हसू आवरेना. कार्यकर्ते कॉट उघडायला धावले, पण खटका मार्तंडच्या हाताखाली होता.

मार्तंडनं कोणाकडं बघितलं नाही. त्यानं कॉटची दोरी आवळली, गाठ ओढून बघितली आणि छताजवळच्या माळ्याकडं नजर टाकली.

"गिरजे," तो म्हणाला, "तेवढा पाय आत घाल गं. मग वर टाकतो."